न्हाईची वही

या विश्वात जेवढा म्हणून माल भरलेला आहे, त्यातला बहुतेक सगळा डोळ्यांना दिसतच नाही, ही गोष्ट शास्त्रज्ञांना मोठमोठ्या दुर्बिणी लावून आणि आयुष्यं खर्ची घालून कळली. आमच्या साडूंना ती सेलूच्या रस्त्यावर, पत्र्याच्या केबिनमध्ये, पंख्याखाली बसल्या बसल्या आधीच माहीत होती. अतिशयोक्ती वाटली तर खुशाल वाटू द्या. मी बत्तीस वर्षं परभणीच्या शाळेत भूगोल शिकवलेला माणूस आहे, तोलूनमापून बोलायची मला सवय आहे. पण साडूंच्या बाबतीत तोलूनमापून बोलायचं म्हणजे काशीत गंगाजल विकायला बसण्यापैकीच, कारण तोलणं हाच या गृहस्थाचा जन्मभराचा धंदा. तिथल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाशी एक भुईकाटा आहे, म्हणजे जमिनीत बसवलेला, अख्खा ट्रक वर उभा राहील एवढा वजनकाटा. कापसाची भरलेली गाडी आली की तिचं वजन करायचं, रिकामी होऊन निघाली की पुन्हा करायचं, आणि दोन्हींतला फरक तो कापूस. साडूंनी तीस वर्षं एवढंच केलं. कापूस पांढरा की पिवळा, ओला की कोरडा, हे बघणारी माणसं वेगळी. साडू खिडकीतून बाहेर पाहतसुद्धा नसत. त्यांची नजर आकड्यावर. "डोळ्याचं काय घिऊन बसलात," असं ते म्हणायचे, "डोळ्याला कापूस बी मोठा दिसतो आन दगड बी. काटा सांगंल ते खरं."

आमची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. मी नवरदेव, डोक्याला मुंडावळ्या, हातात शिरा-पुरीचं ताट, आणि हे सद्गृहस्थ शेजारी मांडी घालून बसले. मास्तर आहात, भूगोल शिकवता, असं कानावर आलंय, म्हणाले. मी मान डोलावली. मग पृथ्वीचं वजन किती, असं विचारलं. मी खूश झालो, आकडा घडाघडा सांगितला, वर किती शून्यं लावायची तेही सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोन्या काट्यावर केलं?" आता बोला. मी फळ्यावर तो आकडा दरसाल लिहीत होतो, पण तो कुणी, कशावर तोलला हे मला माहीत नव्हतं, आणि आजूबाजूला सगळं सासर बसलेलं. मी पुरी तोंडात कोंबली. त्या दिवसापासून मी त्यांना जरा पाण्यातच पाहत आलो. आणि ते मात्र त्या दिवसापासून, गाठ पडेल त्या शिकल्यासवरल्या माणसाला तोच प्रश्न विचारत फिरले. डॉक्टर, वकील, शेतकी खात्यातले साहेब, कुणालाही सोडलं नाही. सगळ्यांनी पुरीच तोंडात कोंबली म्हणायची.

साडूंचं स्वतःचं वजन सत्तर किलो. पंचवीस वर्षांपूर्वीही सत्तर आणि आजही सत्तर. याला प्रकृती म्हणायची नाही, ही निष्ठा. काट्याची सरकारी तपासणी वर्षातून एकदा. मधल्या काळात काटा खरा की खोटा हे कसं ओळखायचं? तर साडू रोज सकाळी देवाला नमस्कार करून काट्याच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीनं उभे राहायचे आणि आत कुणाला तरी आकडा वाचायला लावायचे. चारही ठिकाणी सत्तर आलं की काटा खरा. म्हणजे प्रमाणित वजन कोण, तर हे स्वतः. आता ज्या माणसावर शंभर गाड्यांचं इमान अवलंबून आहे त्यानं पुरणपोळी कशी खावी? कापसाच्या हंगामात कुणाच्याही लग्नात गेले तरी एक पोळी, तीही अर्धी मोडून. आक्का बेजार. "जावाई नाराज हायत का?" असं आमच्या सासूबाई दर वेळी विचारायच्या. नाराज कसले, हंगाम संपला की याच माणसानं राणीसावरगावला एका बारशात अकरा पोळ्या तुपासकट उडवलेल्या मी पाहिलेल्या आहेत. मग पुढचे पंधरा दिवस ज्वारीची भाकरी आणि ठेचा, पुन्हा सत्तर.

पाहुण्यांच्या बाबतीत तर त्यांची तऱ्हाच न्यारी. आम्ही जीपनं सेलूला गेलो की घरी जायच्या आधी जीप काट्यावर. सगळ्यांनी आत बसून राहायचं, लेकरांनी हलायचं नाही. आकडा खडूनं केबिनच्या भिंतीवर. दोन दिवस राहून निघालो की पुन्हा काट्यावर. निघतानाचं वजन आल्या वेळेपेक्षा जास्त भरलं की साडू केबिनमधून घराच्या दिशेनं मोठ्यानं आकडा सांगायचे, आणि पलीकडं अंगणात आक्का पदर तोंडाला लावून हसायची. त्यांच्या मते पाहुणा आला तेवढाच किंवा हलका होऊन परत गेला तर ती घरच्या बाईची बेअब्रू. काटा पाचापाच किलोच्या टप्प्यानं दाखवायचा, त्यामुळं आक्का कसूर ठेवायची नाही. निघताना मागच्या सीटखाली तुरीची डाळ, शेंगा, लोणच्याची बरणी, काही ना काही सरकवलेलं असायचंच. एकदा आकडा तसाच राहिला तर तिनं धावत येऊन एक भोपळा आत टाकला.

पण त्यांच्या अंगचा खरा गुण मी पाहिला तो एका रिकाम्या ट्रकच्या वेळी. पेडगावचा ट्रक होता. काल रिकामा गेला तेव्हा जे वजन, त्याच्यापेक्षा आज रिकामा असताना साठ किलो जास्त. ड्रायव्हर म्हणाला काटा बिघडला. मुनीम म्हणाला काटा बिघडला. मीही तिथं उभा होतो, मीही म्हणालो. आमच्या घराण्यात कुणी गप्प बसत नाही. साडू बाहेर आले, चार कोपऱ्यांवर उभे राहिले, चार वेळा सत्तर. मग आत जाऊन एक वही घेऊन आले. शाळेतल्या पोराची असते तशी, पुठ्ठा निघालेली. चाकांना चिखल? खरवडून पाहिला, नाही. डिझेल जास्त भरलंय? काठी घालून पाहिली, नाही. जादा स्टेपनी? नाही. ताडपत्री भिजलीय? हात लावून पाहिला, कोरडी. प्रत्येक जागेचं नाव वहीत डाव्या बाजूला लिहायचं आणि उजव्या बाजूला, त्यांच्या बोलीत आणि त्यांच्याच शुद्धलेखनात, 'न्हाई'. मागं गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले, मुनीम तर रडकुंडीला आला. अर्ध्या तासानं साडू ट्रकच्या टपावर चढले. तिथं गुंडाळून ठेवलेल्या दुसऱ्या ताडपत्रीच्या आत ड्रायव्हरचा मेव्हणा गाढ झोपलेला होता. तो तिथं आहे हे खुद्द ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं. आदल्या दिवशी भांडून निघून गेला असंच तो समजून चालला होता. त्या मेव्हण्याला काट्यावर उभं केलं. साठ. साडूंनी फक्त वही मिटली. पण मी ती चाळून पाहिली तर पानंच्या पानं नुसती 'न्हाई, न्हाई, न्हाई'. सापडलेल्या गोष्टी कुठं लिहिता, असं मी विचारलं. सापडलेलं कशाला लिहायचं, ते तर सापडलंच की, असं म्हणाले. जिथं पाहून झालं तिथं पुन्हा पाहण्यात माणसाची जिंदगी वाया जाते, म्हणून न्हाईची वही.

आमची मंजू, म्हणजे माझी मुलगी, या काट्यावरच लहानाची मोठी झाली म्हणायला हरकत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आक्काकडं असायची. अकरावीत असताना दिवाळीच्या सुट्टीत तिनंच एके दिवशी साडूंच्या त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर आणलं. चंद्र पृथ्वीभोवती किती लांबून आणि किती वेळात फिरतो यावरून पृथ्वीचं वजन काढता येतं, काटा लागत नाही, असं तिनं गोफण हातात घेऊन समजावलं. ज्वारीवरची पाखरं हाकलायला गोफण फिरवलेल्या माणसाला ते एका फटक्यात कळलं. दगड जितका जोरात फिरेल तितकी दोरी घट्ट धरावी लागते. तेव्हा फिरणाऱ्याकडं बघायचं आणि धरणारा केवढा जबर आहे ते सांगायचं. वीस वर्षांनी उत्तर मिळालं होतं. साडूंनी त्या दिवशी हंगाम असून अख्खी पोळी खाल्ली.

आणि मग तिनं पुढचं सांगितलं, ते ऐकून साडू तर उठूनच बसले. आकाशात ताऱ्यांचे मोठमोठे मेळे आहेत, आपणही त्यातल्याच एकात. त्यांच्या कडेचे तारे इतके जोरात फिरतात की दिसणाऱ्या सगळ्या ताऱ्यांचं आणि धुळीचं वजन मिळून त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. ते तारे केव्हाच भिरकावून जायला हवे होते, पण जात नाहीत. म्हणजे वजन आहे आणि माल दिसत नाही. शास्त्रज्ञ त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. साडूंनी विचारलं, "माय, टपावर चढून पाह्यलं का कोनी?" मंजू सांगते की आपण आयुष्यात काय करायचं हे त्या क्षणी ठरलं. मला हे फार पुढं कळलं. बापाला कळायला नेहमी उशीरच होतो.

एम.एस्सी. झाल्यावर ती दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत पीएच.डी.ला गेली. विषय असा, की हे न दिसणारं द्रव्य कोण असू शकेल याचे जे दावेदार आहेत, त्यांतले महासममिती, म्हणजे सुपरसिमेट्री, नावाच्या सिद्धान्तातून निघणारे दावेदार तपासायचे. मी घरी हे वाक्य तीन वेळा वाचलं आणि चष्मा पुसला. साडूंना मात्र ती दर रविवारी फोनवर सांगायची आणि साडू मला सांगायचे, ते असं. आपल्या ओळखीचे जेवढे कण आहेत त्या प्रत्येकाला एक-एक साडू आहे. "तुमचं-माझं कसं हाय मास्तर, सगळं सारखं, एकाच घरच्या लेकी केल्या, फकस्त फिरकी येगळी. आन तिकडचे साडू लय वजनदार." फिरकी म्हणजे कणाचा स्पिन नावाचा गुण. पण हे वजनदार साडू टिकत नाहीत, फुटून स्वतःपेक्षा हलक्या साडूत जातात. मग जो सगळ्यांत हलका त्याचं काय? साडू म्हणाले, आपल्या घरात काय होतं ते बघा. म्हातारा काम थोरल्याला सांगतो, थोरला मधल्याला, मधला धाकट्याला. धाकट्यानं कुणाला सांगायचं? त्याच्या खाली कुणीच नाही, त्यामुळं काम त्याच्यापाशीच राहतं. तसा तो सगळ्यांत हलका साडू कुणातच फुटू शकत नाही, विश्वाच्या सुरुवातीपासून तसाच आहे. त्याला ना वीज ना उजेड, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपल्या अंगातून आरपार जातो आणि आपल्याला खबर नाही. नाव न्यूट्रॅलिनो. ग्रॅव्हिटिनो नावाचा दुसराही एक दावेदार आहे, तो तर याहून अबोल. आक्का शेजारी बसून शेंगा फोडत होती, ती म्हणाली, असा साडू मिळायला भाग्य लागतं.

हसता हसता पाच वर्षं गेली. परदेशात एका डोंगराखाली, जमिनीत खोल, अतिथंड द्रवाची एक भलीमोठी टाकी भरून ठेवलेली आहे. न्यूट्रॅलिनो जाता जाता तिच्यातल्या एखाद्या अणूला धक्का देऊन गेला तर बारीकशी ठिणगी दिसावी म्हणून. मंजूनं आपली सगळी मांडणी, न्यूट्रॅलिनोचं वजन एवढं असेल, धक्का एवढा देईल, यावर बांधली होती. टाकीचा निकाल आला. ठिणगी नाही. जिथं जिथं तो असेल असं तिनं म्हटलं होतं, तिथं तिथं तो नव्हता.

पोर घरी आली ती तोंड पाडून. बोलेना, जेवेना. आणि इथं मला माझी चूक कबूल केली पाहिजे, कारण ती लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही. मी बाप म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवायचा, तर मी काय केलं? माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या एका कॉलेजात मोठ्या जागेवर आहे, त्याच्याशी बोलून मी तिच्यासाठी शिकवायची जागा ठरवून टाकली. सोमवारी हजर व्हायचं. पीएच.डी.चं काय ते नंतर बघू, असं तिला म्हणालो. पाच वर्षांत काय सापडलं, असंही म्हणालो. ती फक्त "काही नाही, बाबा" म्हणाली आणि जागा घ्यायला कबूल झाली. मला वाटलं, सुटलो.

जानेवारी होता, हुरड्याचे दिवस. रविवारी साडूंनी शेतावर हुरड्याला बोलावलं होतं. आगटीभोवती बसलो, कणसं भाजली जात होती, आक्का लसणाची चटणी वाढत होती. मी मोठ्या उत्साहानं सोमवारची बातमी सांगितली. साडूंनी हातावर चोळलेला हुरडा तसाच धरून ठेवला. मंजूला विचारलं, काय झालं. तिनं सांगितलं, काका, सगळीकडं पाहिलं, नाही सापडला. साडू उठले, हात झटकले आणि तिला म्हणाले, चल. आम्हीही मागं मागं निघालो. आमच्या घराण्यात कुणी मागंही राहत नाही.

काट्यावर रविवारची सुट्टी होती, सगळा शुकशुकाट. साडूंनी केबिन उघडली, फळीवरून न्हाईची वही काढली आणि तिच्या हातात दिली.

"काटा चुकला का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. तारे अजून फिरतातच आहेत. वजन आहेच."

"मंग तुजी मेहनत वाया कशी? तुला पाच वर्सांत कळलं, तेव्हढ्या जागी तो न्हाई. हे तुज्या आदी कोनाला ठाव होतं का?"

"नाही," ती म्हणाली.

"मंग लिही की. न्हाई लिहायला लाज कामून वाटायली? उंद्या दुसरं कोनी त्याच जागी धुंडत बसंल, त्याची जिंदगी जाईल. तुज्या मागं रांग लागलीय, माय."

मी मध्ये काहीतरी बोलायला गेलो. सोमवार, कॉलेज, शब्द दिलेला, असं काहीसं. साडू माझ्याकडं वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. "मास्तर, तुमी पोरीला काय सापडलं ते ईचारलं. कुठं कुठं पाह्यलं ते ईचारलं का एकदा तरी?" मी विचारलं नव्हतं. भर दुपारी, उघड्या केबिनच्या दारात, मी मान खाली घातली. मंजू वही छातीशी धरून रडत होती, पण ते रडणं वेगळं होतं. बापाला उशिरा का होईना, एवढं कळतं. सोमवारी ती कॉलेजात गेली नाही. सोमवारी ती दक्षिणेकडं जाणाऱ्या गाडीत बसली आणि वही घेऊन गेली. माझ्या विद्यार्थ्याला मी फोन करून माफी मागितली. तो भला निघाला, माझ्याच हाताखालचा.

पुढचं वर्षभर तिनं सगळ्या 'न्हाई'ची शिस्तशीर मांडणी केली. कुठल्या वजनाचा न्यूट्रॅलिनो आता शक्य नाही, कुठल्या मिश्रणाचा शक्य नाही, आणि हे सगळं वगळल्यावर कुठल्या चिंचोळ्या जागा अजून पाहायच्या राहिल्यात. मग तोंडी परीक्षेचा दिवस ठरला. परीक्षक तीन, त्यांतले दोन परदेशात बसलेले, त्यामुळं सगळं कॉम्प्युटरवर, आणि घरच्यांना बघायची मुभा. मी परभणीला घरी नीट खुर्ची टाकून बघणार होतो. साडूंचा निरोप आला, काट्यावर या.

काय सांगू तुम्हाला. ऐन हंगाम, बाहेर कापसाच्या अठरा गाड्या, आणि दहा बाय दहाच्या त्या केबिनमध्ये आक्का, मी, माझी बायको, मुनीम, सहा हमाल आणि दोन ड्रायव्हर. त्यांतला एक पेडगावचा, मेव्हण्याला बरोबर घेऊन आलेला. साडूंनी काटा चक्क बंद ठेवला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा. मालकाला म्हणे सकाळीच सांगून टाकलं की आज दोन तास वजन दुसरीकडं चाललंय. मंजू पडद्यावर आली, साधी साडी, केस बांधलेले. बोलणं सगळं इंग्रजीत. केबिनमध्ये एकालाही ओ की ठो कळत नव्हतं आणि तरी कुणाची खोकायची मजाल नव्हती. आलेख येत होते, जात होते. मग एका पांढऱ्या दाढीच्या परीक्षकानं चष्म्यावरून बघत एक लहानसा प्रश्न विचारला. तेवढा मला कळला. तो म्हणत होता, मग तुम्हाला नेमकं सापडलं काय?

तोच प्रश्न. माझाच.

मंजू हसली. तिनं एक बटण दाबलं आणि पडद्यावर एका फाटक्या वहीचं पान आलं. डाव्या बाजूला चाक, डिझेल, स्टेपनी, ताडपत्री. उजव्या बाजूला न्हाई, न्हाई, न्हाई, न्हाई. केबिनमधली सगळी डोकी पडद्याकडं सरकली. मग पेडगावचा मेव्हणा ओरडला, "आरं, ह्ये तर माजं पान हाय!" तिकडं मंजू त्या परीक्षकांना ट्रकची आणि टपाची गोष्ट सांगत होती, दाढीवाला मान मागं टाकून हसत होता, आणि दुसरा वहीचं पान पुन्हा दाखवा असं म्हणत होता. अर्ध्या तासानं त्यांनी तिला डॉक्टर म्हणून हाक मारली. हमालांनी साडूंना उचललं. मुनीम बाहेर धावला आणि त्यानं काहीतरी खूण केली असावी, कारण अठराच्या अठरा गाड्यांनी एकदम भोंगे वाजवले. असा आवाज सेलूनं कधी ऐकला नसेल. माझी बायको रडत होती, आक्का रडत होती. मीही रडलो, लपवत नाही. आणि हमालांच्या खांद्यावर तो सत्तर किलोचा माणूस दोन्ही हात जोडून कुणाला तरी नमस्कार करत होता, बहुधा काट्याला.

मंजू सेलूला आली त्या दिवशी तर लोकांनी गाव डोक्यावर घेतलं. जिनिंगच्या मंडळींनी बसस्टँडपासून ट्रॅक्टर सजवला, हलगी लावली आणि रस्त्यावर हे एवढं मोठं बॅनर. त्यावर मंजूचा फोटो, शुभेच्छुकांचे बावीस फोटो, आणि मजकूर, 'विश्वातील काळे द्रव्य शोधून काढल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. मी म्हणालो, असू द्या, लोकांच्या मनात आनंद आहे. साडू म्हणाले, उतरवा. मिरवणूक तासभर थांबली. हलगीवाले सावलीत बसले, ट्रॅक्टर बंद, आणि साडू स्वतः पेंटरला घेऊन शिडीखाली उभे. तासाभरानं बॅनर पुन्हा वर गेलं. 'शोधून काढल्याबद्दल' वर पांढरा पट्टा मारून लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'कुठं कुठं नाही हे शोधून काढल्याबद्दल'. आणि मग, मी शपथेवर सांगतो, लोकांनी पहिल्यापेक्षा दुप्पट जोरात हलगी वाजवली. एक म्हातारे धनगर मेंढरं थांबवून बॅनर वाचून घेत होते. वाचून झाल्यावर मला म्हणाले, मेंढरू हरवलं की आमी बी असंच करताव, एक-एक ओढा वगळत जाताव. पोरगी हुशार हाय.

आता मंजू परदेशात निघाली. त्याच डोंगराखालच्या टाकीवर तिला काम मिळालं आहे. राहिलेल्या चिंचोळ्या जागा पाहायच्या आहेत. जाण्याआधी दोन दिवस आक्काकडं राहायचं म्हणून आम्ही तिला घेऊन सेलूला गेलो. माझ्या मुलानं, मंजूच्या भावानं, जीप नेहमीप्रमाणं काट्यावर घातली, आकडा भिंतीवर खडूनं चढला. तिनं न्हाईची वही परत करायला काढली तर साडूंनी ती पुन्हा तिच्या बॅगेत घातली. तुला अजून लागणार आहे, म्हणाले, मी नवी घेतलीय. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला सेलूच्या स्टेशनवर मुंबईच्या गाडीत बसवलं. साडूही आले होते. गाडी गेली. मग आम्ही सगळे जीपमध्ये बसलो.

परत येताना काटा लागला. साडू उतरले, केबिनमध्ये गेले, आणि माझ्या मुलानं सवयीनं जीप काट्यावर घातली. मी आक्काच्या अंगणाकडं पाहत वाट बघत राहिलो, पण आकडा काही ऐकू येईना. शेवटी उतरून खिडकीशी गेलो. किती, म्हणून विचारलं.

"पंचाण्णव कमी," साडू म्हणाले. "पोरगी आन दोन ब्यागा. बराबर हाय."

"साडूभाऊ," मी म्हणालो, "मला तर जीप आलो त्यापेक्षा जड वाटायली."

मला वाटलं, आता ते नेहमीप्रमाणं म्हणणार, तुमच्या वाटण्याचं काय घेऊन बसलात मास्तर, काटा सांगेल ते खरं. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग नवी वही उघडली. पहिलं पान कोरं होतं. डाव्या बाजूला, पाहून झालेल्या जागांच्या रकान्यात, त्यांनी सावकाश लिहिलं, 'काटा'. उजव्या बाजूला लिहिलं, 'न्हाई'. आणि वही माझ्याकडं सरकवली.